गडद करड्या रंगाची बेडरूम: काउंटरवर रोज येणारे प्रश्न

डोंबिवलीत आमचं रंगाचं दुकान आहे. दसऱ्याच्या आधी महिनाभर काउंटरवर उभं राहायला जागा नसते, आणि हल्ली त्या गर्दीत दर तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये एकच फोटो असतो: गडद करडी भिंत, पांढरी चादर, कोपऱ्यात पिवळा दिवा. "असंच हवंय." मग तेच तेच प्रश्न सुरू होतात. एकदाचे लिहून काढले.

आधी एक सांगून ठेवतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं त्यावरच उभी आहेत. बेडरूममध्ये आपण रात्री नऊनंतर आणि सकाळी सातपर्यंत असतो. रंग मात्र निवडतो दुपारी बारा वाजता, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली.

डार्क ग्रे म्हणजे नक्की कोणता? कार्डात तर पानंच्या पानं आहेत.

इंग्रजी नावं बाजूला ठेवा, त्यांनी गोंधळ वाढतो. मराठीत राखाडी वेगळा, करडा वेगळा आणि पारवा वेगळा. राखाडी चुलीतल्या राखेचा. करड्यात किंचित तपकिरी असतो. पारवा म्हणजे पारव्याच्या पंखांचा, निळ्याकडे झुकलेला. मी गिऱ्हाइकाला विचारतो, "ओली पाटी हवी, शहाबादी हवी की कडप्पा?" शाळेतली दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की जो रंग यायचा तो एक. जिन्यातल्या शहाबादी फरशीचा दुसरा. स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडप्प्याचा तिसरा, तो जवळजवळ काळाच. दहातले आठ जण लगेच बोट ठेवतात.

कुणी "आपल्याकडे हा रंग कुठे होता" म्हणालं की मी वेरूळचं कैलास लेणं आठवायला सांगतो. सह्याद्रीचा काळा पाषाण उन्हात करडा दिसतो, पहिला पाऊस पडला की काळाशार. आपण कैक पिढ्या याच रंगाच्या जोत्यांवर बसून गप्पा मारल्या आहेत.

ग्रे लावला आणि भिंत जांभळी दिसायला लागली. असं का होतं?

माझ्या स्वतःच्या घरात झालंय, म्हणून नीट सांगतो. दुकानात मला ती शेड अगदी ओल्या पाटीसारखी वाटली होती. घरी दोन हात मारून झाले, रात्री उशाचा पिवळा दिवा लावला आणि बायको म्हणाली, "ही भाजलेल्या वांग्याची साल आहे." होतीच.

कारण डब्यात आहे. करडा म्हणजे काळा अधिक पांढरा, असं आपण समजतो. टिंटिंग मशीन चालवणाऱ्याला विचारा. पांढऱ्यात फक्त काळं रंगद्रव्य टाकलं तर मिळणारा करडा निळसर निघतो. तो निळेपणा मोडायला पिवळा ऑक्साइड किंवा लाल ऑक्साइड घालतात, कधी दोन्ही. पिवळा वरचढ झाला की हिरवट झाक येते, लाल वरचढ झाला की जांभळट किंवा तपकिरी. प्रत्येक करडा कुठेतरी झुकलेला असतो. गडद शेडमध्ये ती झाक दडून बसते आणि दिवा बदलला की बाहेर येते.

बाहेर काढायचे दोन उपाय. पहिला फुकटचा: शेडच्या तुकड्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा, आणि एक शेड एकटी न बघता तीन करडे शेजारी शेजारी ठेवा. एकटा असताना प्रत्येक जण साळसूद वाटतो, तिघांना एकत्र बसवलं की कोण निळा, कोण हिरवा ते लगेच कळतं. दुसरा उपाय मी दुकानात करून दाखवतो: चमचाभर गडद रंग वाटीभर पांढऱ्या रंगात ढवळायचा. जो फिका करडा तयार होईल त्यात लपलेली झाक उघडी पडते. माझ्या बेडरूमच्या रंगावर हा प्रयोग मी भिंत रंगवून झाल्यावर केला. वाटीत फिकट जांभळा आला.

शेडच्या मागे एलआरव्ही असा आकडा असतो, तो बघायचा का?

हो. भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती उजेड परत खोलीत येतो, त्याचा तो आकडा, ० ते १०० मधला. पांढरे रंग ८० च्या वर असतात. २० च्या खाली गेलात की रंग गडद म्हणायचा आणि १० च्या खाली तो रात्री काळाच दिसतो. पहिल्यांदाच गडद लावत असाल तर १२ ते २० मध्ये राहा. लहान तुकड्यावर जो रंग मवाळ वाटतो, तो भिंतभर पसरला की अधिक गडद भासतो. बहुतेकांना शेवटी आवडते ती कार्डावर पहिल्यांदा पसंत पडलेल्या शेडच्या एक पायरी वरची, म्हणजे फिकी.

न्यू जर्सीच्या मुलीने तिच्या बेडरूमचा रंग कळवलाय. इथे तसाच मिळेल?

नाव कळलं तर अर्धं काम झालं. तिकडे शेर्विन-विल्यम्सचा आयर्न ओर, क्रमांक ७०६९, बराच चालतो. त्याचा एलआरव्ही ६ आहे, म्हणजे कडप्पाच. त्याच कंपनीचा पेपरकॉर्न, क्रमांक ७६७४, थोडा सौम्य, १० चा. मुलगी येताना खऱ्या रंगाचा तुकडा किंवा शेडचं छापील कार्ड घेऊन आली तर स्कॅनरवर जवळची जुळणी करता येते. व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून मात्र नाही. फोटोत तिच्या खोलीतला दिवा, तिच्या फोनचा कॅमेरा आणि तुमच्या फोनचा पडदा असे तिघेही आपापला रंग मिसळतात.

आणि हेही बघा की तिच्या घरात लाकडी जमीन आहे. तुमच्याकडे काय आहे, तो पुढचा प्रश्न.

आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने क्रीम रंगाच्या चकचकीत टाइल्स टाकल्यात. त्यावर जाईल का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर सर्वात आधी हाच विचारायला हवा. भिंत बदलणं सोपं, फरशी बदलणं नाही. आपल्याकडे बहुतेक फ्लॅटमध्ये दोन बाय दोनच्या हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल्स असतात आणि त्यांत पिवळी झाक असते. तिच्याशेजारी निळसर, पारव्या छटेचा गडद करडा आला की फरशी पिवळट आणि कळकट दिसायला लागते, जणू कुणी महिनाभर पुसलीच नाही. तिथे तपकिरीकडे झुकलेला करडा घ्या. सागवानी पलंग, पितळी कड्या, खादीची चादर, सगळं त्यावर खुलतं. निळसर करडा पांढऱ्या किंवा करड्या टाइल्सवर, पांढऱ्या कपाटांसोबत चांगला.

शेडचा तुकडा भिंतीला लावून बघतात सगळे. तो जमिनीवर, स्कर्टिंगला टेकवून उभा करून बघा.

उत्तरेकडच्या खोलीत गडद ग्रे लावू नये असं वाचलं. खरं का?

ते लेख लंडन-न्यूयॉर्कच्या उजेडासाठी लिहिलेले असतात. तिथे उत्तरेच्या खिडकीतून वर्षभर निळसर, थंड उजेड येतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारी बाराचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, शून्य सावलीचे दोन दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. बाकीचे महिने उत्तरेचा उजेड सौम्य आणि सारखा असतो, आणि गडद रंगाला तो फार मानवतो.

आपल्याकडे त्रास पश्चिमेचा. संध्याकाळचं तांबूस ऊन थेट भिंतीवर आलं की करड्यातला लाल अंश पेटून उठतो. पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी पाच वाजता नमुना बघितल्याशिवाय डबा घेऊ नका. आणि चाळीत किंवा दाटीच्या सोसायटीत समोरच्या इमारतीचा रंगही तुमच्या खोलीत येतो. एका ताईंच्या करड्या भिंतीवर हिरवट छटा का येते हे आम्हाला कळेना. घरी जाऊन खिडकीबाहेर पाहिलं तर समोर हिरवी पत्र्याची शेड.

बल्ब कोणता लावायचा?

आपल्या घरांत सवयीने ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब असते, खोक्यावर "कूल डेलाइट" लिहिलेली. तिच्याखाली तपकिरी करडा मेल्यासारखा दिसतो आणि निळसर करडा दवाखान्यासारखा. बेडरूमला २७०० ते ३००० केल्विनचा, "वॉर्म व्हाइट" लिहिलेला दिवा घ्या. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त दिसला तर उत्तम, त्याखाली रंग खरे दिसतात.

दिव्यांची संख्याही वाढवावी लागते. गडद भिंत उजेड पिते. भिंतीवरची एकच ट्यूब असेल तर ती डोळ्यात खुपेल आणि बाकी खोली अंधारी राहील. उशाच्या दोन बाजूंना दोन लहान दिवे, कपाटाजवळ एक, आणि छत पांढरंच ठेवायचं. पांढरं छत उजेड खाली परत पाठवतं. छतही गडद करायचं वेड हल्ली आलंय, साडेनऊ फुटांच्या छताला मी ते करू देत नाही. म्हणजे माझं कोणी ऐकतं असं नाही.

दिवे बदलणार असाल तर आधी दिवे आणा, मग रंग निवडा. उलट क्रमाने केलेल्यांची पुन्हा एक फेरी दुकानात होते.

एकच भिंत गडद करावी की चारही?

एकच करायची तर पलंगाच्या उशाची. दारातून आत येताना ती समोर दिसते आणि पडल्यावर डोळ्यांसमोर नसते. पण उरलेल्या तीन भिंती ट्यूबलाइटसारख्या पांढऱ्या ठेवल्यात तर ती एक भिंत सदऱ्यावरच्या ठिगळासारखी दिसते. त्या तिघींना त्याच झाकेचा फिका रंग द्या. दुकानात सांगा, "याच घरातला हलका दाखवा."

चारही भिंती केल्या तर खोली लहान वाटेल, ही भीती सगळ्यांना असते. दहा बाय अकराची खोली पांढरी केली तरी दहा बाय अकराचीच राहते. चारही भिंती एका गडद रंगाच्या झाल्या की कोपरे रात्री विरघळतात आणि खोली किती लहान आहे हे उलट कळत नाही. मला स्वतःला चारही आवडतात. पण खोलीत भिंतभर कपाट असेल, अभ्यासाचं टेबल असेल, दिवसा कोणी काम करत असेल तर एकीवर थांबा.

घरातल्या मोठ्यांना पटत नाही. काळपट रंग अशुभ म्हणतात.

या बाबतीत दुकानदाराने मध्ये पडू नये. तरी एकदा एक आजी नातवासोबत तावातावाने आल्या होत्या, "झोपायच्या खोलीला कोणी काळा लावतं का?" मी म्हटलं, "आजी, संक्रांतीला चंद्रकला नेसता ना?" त्या हसल्या. मग करडा ठरला, पण तपकिरीतला, आणि देवघराची भिंत सोडून. तडजोड अशीच होते.

नमुना कसा लावून बघायचा?

भिंतीवर थेट ब्रशचे चार फटकारे मारू नका. जुन्या गुलाबी किंवा पिस्ता भिंतीवर कोणताही करडा खोटाच दिसणार. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, त्याला प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडा. पूर्ण वाळू द्या. इमल्शन ओलं असताना दुधाळ आणि फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं, त्यामुळे ओल्या रंगावर मत बनवायचं नाही. मग तो तुकडा दोन दिवस खोलीत फिरवा: उशाशी, खिडकीजवळ, कपाटाच्या कोपऱ्यात. सकाळी डोळे उघडल्यावर एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा. दुपारी बघितलं नाही तरी चालेल.

सगळ्या शेडमध्ये लहान नमुन्याची बाटली मिळतेच असं नाही. एक लिटर घ्यावा लागला तर घ्या. चुकलेली खोली पुन्हा रंगवण्यापेक्षा एक डबा स्वस्त.

मॅट घ्यावा की शीनचा?

मॅट म्हणजे बिनचमकीचा, शीन म्हणजे हलक्या चमकेचा. गडद रंगात मॅट सुंदर दिसतो, अगदी पाटीसारखा. पण बोटांचे ठसे, तेलकट डोक्याचा डाग, खुर्चीची घासट, सगळं दिसतं. त्यातही मॅट भिंत फडक्याने जोरात पुसली की तेवढाच भाग गुळगुळीत होऊन चमकतो, आणि ती चमक जात नाही. शीनचा रंग पुसता येतो, मात्र पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दाखवतो.

धुता येईल असं लिहिलेला मॅट किंवा अगदी हलका शीन घ्या. लहान मुलं असतील तर शीन. उशाची भिंत मॅट ठेवायची असेल तर पलंगाला उंच हेडबोर्ड बसवा, तेलाचा डाग तिथेच अडतो.

रंगाऱ्याला काय सांगायचं?

पुट्टी घासून झाली की खोली अंधारी करा आणि पेटलेला बल्ब भिंतीला खेटून, आडवा फिरवायला सांगा. खड्डे आणि पट्टीचे ओरखडे सावलीने दिसतात. पांढऱ्या रंगात जे झाकलं जायचं ते गडद रंगात, विशेषतः वरून दिवा सोडला तर, रोज दिसणार. चांगला रंगारी हे न सांगता करतो.

प्रायमरला थोडी करडी छटा द्यायला सांगा म्हणजे वरचे दोन हात पुरतील. मुख्य रंगात मात्र स्टेनरच्या, म्हणजे हाताने मिसळायच्या रंगद्रव्याच्या, बाटल्या ओतू देऊ नका. "अजून थोडा काळा टाकतो" म्हणत केलेली शेड पुन्हा जन्मात जुळत नाही. मशीनवर काढलेला रंगच घ्या, आणि सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग सुरुवात करा. दोन डब्यांत केसभर फरक असला तर फिक्या रंगात खपतो, गडद रंगात भिंतीच्या मधोमध रेघ दिसते. एक भिंत सुरू केली की ती जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची.

रंग किती लागेल?

डब्यावर लिटरमागे किती चौरस फूट ते छापलेलं असतं. तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा, ते आधी वाचा. दहा बाय अकराची, साडेनऊ फूट उंचीची खोली धरा: भिंती ३९९ चौरस फूट, दार-खिडकीचे ४१ वजा, राहिले ३५८. डब्यावर एका हाताला १३० लिहिलं असेल तर दोन हातांना साडेपाच लिटर. गडद रंगाला तिसरा हात लागू शकतो, तेवढी तयारी ठेवा. गडद शेडचा डबा त्याच रंगाच्या फिक्या शेडपेक्षा महाग पडतो, कारण रंगद्रव्य जास्त जातं. शिवाय गडद बेसचा, म्हणजे रंगद्रव्य घालण्याआधीच्या रंगाचा, डबा लिटरऐवजी ९०० मिलिलिटर भरलेला येतो, वरची जागा रंगद्रव्यासाठी. कमी दिला म्हणून भांडू नका.

भिंतीला ओल आहे. लावू का?

नाही. आधी ओल, मग रंग. आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो. आतून शोरा फुलला की पांढऱ्या भिंतीवर तो महिनोन्महिने लक्षात येत नाही, गडद करड्यावर आठवड्यात मीठ सांडल्यासारखा दिसतो. संशय असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं असेल तर काम बाहेरून करायचं आहे, आतून लावलेला कोणताही महागडा रंग ते थांबवणार नाही.

खोली तापेल का?

बाहेरच्या भिंतीला गडद रंग दिला तर नक्की तापेल. आतल्या भिंतीने जाणवण्याइतका फरक पडत नाही, थेट ऊन येत असेल तर पडदा लावा.

वास किती दिवस राहतो? घरात बाळ आहे.

पाण्यातल्या इमल्शनचा वास दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या की बराच जातो. मी आठवडाभर बाळाला दुसऱ्या खोलीत झोपवायला सांगतो. काळजी जुन्या रंगाची जास्त घ्या. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थर असतील तर कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून घासायला सांगा आणि तेव्हा बाळ घरात नको.

खिडकीचं अॅल्युमिनियमही काळपट करतोय. भिंतीला तोच रंग?

पावडर कोटिंगवाले बहुधा राल या रंगांच्या क्रमांक-यादीतला ७०१६ दाखवतील, अँथ्रसाइट ग्रे म्हणतात तो. तो निळसर आहे. भिंत हुबेहूब त्याच रंगाची करायला जाऊ नका, धातू आणि भिंत कधी जुळत नाहीत. भिंत एक-दोन पायऱ्या फिकी घ्या.

भाड्याचं घर आहे, चालेल?

मालकाला लेखी विचारा. सोडताना पांढरं करून द्यायचं असेल तर प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतील, तो खर्च आत्ताच धरा.

डास दिसत नाहीत हो!

ही तक्रार रंग लावल्यानंतर येते, आधी कुणाच्या डोक्यातही नसते. डासांना गडद जागी बसायला आवडतं आणि गडद भिंतीवर बसलेला डास आपल्याला दिसत नाही. यावर रंगात उपाय नाही. खिडकीला जाळी लावा.

भिंतीवर ओरखडा पडला, टचअप करता येतो का?

मॅटमध्ये छोटासा, बारीक ब्रशने, चालतो. वर्ष-दोन वर्षांनी केलेला टचअप मात्र ठिपक्यासारखा उठून दिसतो, तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एक हात मारावी लागते. म्हणून काम संपल्यावर अर्धा लिटर रंग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि मूळ डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा: शेडचा क्रमांक, बेस, बॅच आणि कोणतं रंगद्रव्य किती मिलिलिटर गेलं ते सगळं त्यावर असतं. दोन वर्षांनी दुकानात येऊन "तो ग्रे, तुम्हाला आठवत असेल" म्हणणारे रोज असतात. मला आठवत नाही.